हळदीडोहचे सातवे रीळ

१८ जानेवारी, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. मी पुण्यातल्या खोलीत बसून माझ्या मुलाखतीचा निकाल कधी लागेल याचा हिशेब मांडत होते, तेव्हा वडिलांचा फोन आला. "रुतू, आप्पा गेले," एवढेच ते म्हणाले. मी वेळ लिहून ठेवली. त्या क्षणी माझ्याच्याने होण्यासारखे ते एकच काम होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बगा, मानूस गेलं आन् हिनं घड्याळ बगितलं." आणि ते खरेच असते.

आप्पा, तुमचे वय, गाव, तुम्ही मेंढरे सोडून तंबूच्या सिनेमात ऑपरेटर कसे झालात, हे सगळे आता घोडेगावच्या बाजारापासून जुन्नरच्या स्टँडपर्यंत लोक एकमेकांना सांगत आहेत. मला ते सांगायचे नाही. मला तुमच्याशी एका रिळाबद्दल बोलायचे आहे. त्याच्याविषयी मी तुम्हाला शेवटी जे सांगितले ते अक्षराने खरे होते आणि अर्थाने खोटे. तुम्ही माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. घरात माझे शिक्षण कुणाला फारसे कळले नाही, पण ते मनापासून मानणारे तुम्ही एकटे होतात. म्हणूनच हे तुमच्यापाशी कबूल करणे सर्वांत अवघड आहे.

'हळदीडोह' हे नाव आज कुणाच्या कानावर नाही. काळापांढरा चित्रपट, अकरा रिळे, नऊ गाणी. तंबू बंद झाला तेव्हा मालकाने पडदा विकला, बाकडी विकली, यंत्र भंगारात घातले. या अकरा डब्यांना कुणी हात लावला नाही, म्हणून ते तुमच्याबरोबर आले आणि मेंढरांच्या कुंपणामागच्या तुमच्या पत्र्याच्या खोलीत खाटेखाली राहिले. मी जिथे जिथे विचारले तिथे उत्तर एकच आले: दुसरी प्रत असल्याचे माहीत नाही. म्हणजे तुमच्या खाटेखाली जे होते तेवढाच तो चित्रपट या जगात होता. तुम्ही त्याच्यावर झोपत होता.

गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. नावाड्याची मुलगी गाते, तिचे लग्न ठरते, ती डोहात बुडते. आणि मग, मेल्यानंतर, स्वतःच्या हळदीला बसून हसत हसत गाते. लहानपणी तुम्ही ती गोष्ट सांगायचात तेव्हा हळदीच्या गाण्यापाशी आवाज खाली आणायचात. "रीळ सातवं," असे म्हणून थांबायचात. मला नऊ वर्षांची असतानाही हा प्रश्न पडला होता की, मेलेली मुलगी गाते कशी. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे चाळीस-एक माणसांकडून, सर्वेक्षणाच्या कागदांवर मिळाले. त्याआधी मी एक चूक केली. तीच आधी सांगते.

मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीत मी एम.एस्सी.चे गुणपत्रक घेऊन आले होते. तुमच्या खोलीत पाऊल टाकताच आंबूस वास आला, लोणच्याच्या बरणीत ओतायच्या व्हिनेगरसारखा. तुम्ही ओसरीवर दोन लाकडी चकत्यांमध्ये एक रीळ ताणून हाताने गुंडाळत बसला होता आणि मऊ धोतराच्या तुकड्याने फीत पुसत होता. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की दरवर्षी तुम्ही हे करायचात. एका दिवशी एक रीळ, अकरा दिवस. त्याला तुम्ही 'वारं देणं' म्हणायचात.

मी विचारले, "हे कशासाठी?"

"रिळाला वारं लागतं. मेंढरं कशी, येका खोपीत कोंडली की येकमेकीचा वास घेऊन आजारी पडत्यात. तसंच हाय हे."

"आप्पा, रीळ जिवंत नसतं. तुम्ही उलट त्याला धूळ आणि ओल लावताय. हे डबे हवाबंद करायला हवेत."

"मला मशीन शिकवलं त्या उस्तादानं सांगितलं व्हतं, वारं द्या."

"तुमचे उस्ताद रसायनशास्त्र शिकले होते का?"

तुम्ही हसलात. "न्हाई. त्यो तर धड इडीसुद्धा पेटवत न्हवता, रीळ जळंल म्हनून." आणि गुंडाळायचे थांबवलेत. तेवढ्यावर तुम्ही थांबलात, हे मला आज सर्वांत जास्त बोचते. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी मी पुण्याहून मागवली. अर्ध्या दिवसात दहा डबे बंद केले. पहिल्या रिळाचा डबा तुम्ही उघडा ठेवायला सांगितलात, कारण आल्यागेल्याला त्यावरचे नाव दाखवायला तुम्हाला आवडायचे. मी ते मोठ्या मनाने मान्य केले.

माझ्या डोक्यात फक्त बाहेरची ओल होती. त्या जातीची फीत आतूनच आम्ल सोडते, ते आम्ल कोंडले की फितीलाच खाते आणि खाल्ल्याने आणखी आम्ल सुटते, ही साखळी मी स्वतः परीक्षेत आकृती काढून लिहिली होती. पूर्ण गुण मिळाले होते. पण ज्या वासाची मी आकृती काढली तोच वास ओसरीवर नाकात शिरला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. तुमच्या उस्तादाला ओळखता आला होता.

त्यानंतर दर खेपेला मी रीळ तपासत गेले. पद्धत साधी होती. फितीच्या कडेला असलेल्या शंभर छिद्रांचे अंतर पोलादी पट्टीने मोजायचे. फीत नवी असताना ते पावणेपाचशे मिलिमीटर भरते. आखडत जाईल तसे कमी होते. मी पहिले रीळ मोजत होते, कारण तेवढेच उघडे होते. ४७३. पुन्हा ४७३. नंतरही ४७३. मी समाधानाने आकडे लिहिले आणि पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत जुने चित्रपट संगणकावर उतरवून घेतात तिथल्या अर्जात "प्रत स्थिर आहे" असे वाक्य टाकले. अकरांपैकी जे एकच रीळ श्वास घेत होते त्याच्यावरून मी कोंडलेल्या दहांचा निष्कर्ष काढला. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी तो कागद त्याच्या तोंडावर परत केला असता.

मेंढरांनी मात्र त्या वर्षी जागा बदलली. तुमच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसणारा कळप कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसू लागला. तुम्ही ते मला फोनवर सांगितले. मी म्हणाले, "ऊन बदललं असेल."

प्रयोगशाळेने अर्ज घेतला, पण विचारले की या चित्रपटाचे महत्त्व काय. नट नामांकित नाहीत, दिग्दर्शकाचे दुसरे काम नाही. प्रेक्षकांची मते असतील तर जोडा, असे त्यांनी सुचवले. मी उत्साहाने प्रश्नावली केली. गाणी, कथा, अभिनय. एक ते पाच गुण. तुम्ही ती चष्मा लावून वाचलीत आणि म्हणालात, "ह्याच्यात मेन परश्न न्हाई."

"कोणता?"

"उठावं कुठं वाटलं?"

मग तुम्ही समजावलेत. तंबूत चित्र चांगले की वाईट ते टाळ्यांवरून ठरत नसे. माणसे विडीला, चहाला, पोराला मुतवायला कोणत्या रिळाला उठतात ते ऑपरेटर भिंगाच्या भोकातून बघत असे. प्रत्येक चित्राची उठायची जागा तुम्हाला पाठ होती. मी तो प्रश्न शेवटी, सौजन्य म्हणून जोडला. पुढे त्या कागदांत उपयोगाचा तेवढा एकच निघाला.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपण दोघे हिंडलो. तळेघरला उतरलो तेव्हा पुढची गाडी नव्हती, म्हणून तुमच्या तंबूच्या जुन्या प्रेक्षक भागाबाई यांच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. तुम्हाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवले.

"या ऑपरेटर भाऊ. आजून जित्तं हाय म्हना की तुमी!"

मी प्रश्नावली काढली. "मावशी, 'हळदीडोह'मधल्या गाण्यांना पाचांतले किती गुण द्याल?"

"पाचांतलं? आमी पाचजनीच गेलो व्हतो बाई. दोघी वारल्या."

"नाही, म्हणजे आवडलं होतं का?"

"आवडलं कसलं, भ्या वाटलं!" त्या एकदम गंभीर झाल्या. "ती बुडाली. आमी रडलो. आन् मंग बगते तर काय, पाटावर बसून हळद लावून घेती आन् गाती. आगं, माज्या सासूनं त्यानंतर आमच्या घरात हळदीला गानं म्हनू दिलं न्हाई. माज्या पोरींच्या हळदी मुक्यानं झाल्या. आजून हाय ती रीत."

"पण उठावंसं कुठं वाटलं?"

"त्या गान्याला? त्या गान्याला कोन उठंल? पाय व्हतेच कुठं अंगाला?" मग तुमच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ह्यांनीच तिला जित्ती केली, आन् आता पोरीला इचाराया धाडत्यात. शानं हाय का नाय?"

तुम्ही खाली बघून नाचणीचा एक दाणा बोटाने सरकवत होता. मी ते पाहिले आणि त्याचा काहीही अर्थ लावला नाही.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळ विकणारे एक निवृत्त कंडक्टर भेटले. त्यांनी पाचपैकी सहा गुण दिले. मी म्हणाले, जास्तीत जास्त पाचच देता येतात.

"मंग पाच लिवा आन् येक सुट्टा ऱ्हाऊ द्या. सुट्टं परत मागायची सवय नाय मला."

"म्हणजे खूप आवडला?"

"छ्या! डोकंच नाय त्या चित्राला. मेलेली बाई गाती, आन् तिचा बाप शेजारी बसून हसतोय. राव, कालच तर त्यो छाती बडवत व्हता! पर सांगू का, मी उठलो नाय. माजी इडी बोटात इझली तरी कळलं नाय."

एकेचाळीस मते जमली. चाळिसांचा सूर एकच: हळदीच्या गाण्याला भीती वाटली आणि कुणीही उठले नाही. हे मला खटकत होते. मी त्या गाण्याचे शब्द लोकांकडून लिहून घेतले होते. ते आनंदाचे होते. चाल उडती होती. त्यात भीतीदायक काहीही नव्हते. एक बाई तर म्हणाल्या की हळद त्यांना पिवळीधमक दिसली. काळ्यापांढऱ्या चित्रपटात.

एकेचाळिसावे मत भीमाशंकरला मिळाले. देवळाच्या वाटेवर पेढ्यांचे दुकान चालवणाऱ्या आजींनी तो चित्रपट लग्नाआधी पुण्यात पाहिला होता. त्यांना भीती वगैरे काही आठवत नव्हते. "साधं होतं गं. हळदीच्या गाण्याला तर आम्ही सगळ्या बाहेर जाऊन भजी खाऊन आलो. परत आलो तेव्हा ती बुडत होती."

मी ते मत स्मृतिदोष म्हणून बाजूला टाकणार होते. मग वाक्य पुन्हा वाचले. परत आलो तेव्हा ती बुडत होती. म्हणजे गाणे आधी आणि बुडणे नंतर.

भीमाशंकरच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत होतो. धुके खाली आले होते, समोरची झाडे दिसत नव्हती. मी विचारले, "आप्पा, सातव्याच्या आधी आठवं रीळ कुणी लावलं?"

तुम्ही पान जुळवत होता. "मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"पयल्यांदा चुकून झालं. तळेघरच्या जत्रंत. वारा लई व्हता, बत्ती गेली, हाताला येईल ते रीळ चढवलं. सहाव्यावर आठवं. ती बुडाली. मंग सातवं लावण्यावाचून काय विलाज? म्हनलं आता लोक मारत्यात. भोकातून बगितलं तर येक मानूस हलंना. चहावाला गाडी सोडून आत आलेला. मालक म्हनला, गड्या, आसंच लावीत जा."

"पण तो चित्रपट तसा नाही. ती चूक आहे."

"चूक?" तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमच्या आवाजात राग मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आगं, नीट लावलं तवा त्या गान्याला निम्मा तंबू टपरीवर आसायचा. त्या नटीचं गानं कोन बघत व्हतं? मी आन् कनातीवरली पाल! मी तिला मानसं दिली."

"मी अहवालात मूळ क्रमच लिहिणार. संगणकावर मूळ क्रमानेच उतरेल."

"लिही. तुजं शास्तर हाय." मग पान तोंडात टाकून म्हणालात, "पर मूळ म्हंजी कुनाचं गं? त्या चाळीस जनांचं काय?"

गाडी आली. मी पुढे चढून जागा धरली. घोडेगावला उतरेपर्यंत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. नंतर आपण हा वाद तीनदा काढला आणि तीनदा अर्धा टाकला. प्रत्येक वेळी मला वाटत होते की उत्तर शोधायला पुष्कळ वेळ आहे.

गेल्या दिवाळीत तुम्ही विचारलेत, "ह्या वर्सी तरी वारं देऊ का?" तुम्ही परवानगी मागितलीत. स्वतःच्या डब्यांसाठी, माझी. मी पहिल्या रिळाचा आकडा दाखवला आणि म्हणाले, "गरज नाही."

२ जानेवारीला प्रयोगशाळेचा निरोप आला की रिळे घेऊन या. त्यांच्या यंत्राची मर्यादा त्यांनी कळवली होती: शंभर छिद्रांचे अंतर ४६७ मिलिमीटरच्या खाली गेलेली फीत त्यात चालत नाही, तुटते. मी त्याच दिवशी आले. तुम्ही बाहेर उन्हात घोंगडी पांघरून बसला होता. बोलताना धाप लागत होती. मी खोलीत गेले, खाटेखालचे डबे ओढले आणि सहज म्हणून सातव्याची चिकटपट्टी आधी कापली.

डब्याने सुस्कारा सोडला. पुढच्या क्षणी वाफेने माझे डोळे मिटले. झाकण आतून गंजून तपकिरी झाले होते. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी साचली होती आणि वेटोळे सपाट राहिले नव्हते, भाजलेल्या पापडासारखे वाकडे झाले होते. मी डोळे पुसत मोजले. ४६७.५. बाकीचे डबे एकेक करून उघडले. सगळे सडू लागले होते, पण इतके कुणीच नव्हते. आठव्याचा आकडा ४७०. का, ते कळायला वेळ लागला नाही: सातवे तुम्ही सर्वांत जास्त वेळा लावले होते, त्याने सर्वांत जास्त दिवे, घाम आणि हात पाहिले होते, आणि त्यावर मी हवाबंद पिशवी चढवली होती.

बाहेरून तुमचा आवाज आला. "सातवं कसं हाय?"

मी दारात आले. "मर्यादेत आहे."

"मर्यादेत म्हंजी? पोलीसपाटलाच्या पंचनाम्यावानी बोलू नगं. बरं हाय का न्हाई?"

"बरं आहे, आप्पा."

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलेत. माझे डोळे लाल झाले होते आणि वास माझ्या मागोमाग दारातून बाहेर आला होता. तो वास तुम्हाला माझ्यापेक्षा चाळीस वर्षे जास्त ओळखीचा होता. तुम्ही फक्त म्हणालात, "हात धू. डोळं चोळू नगं, लई झोंबतं." मग घोंगडी सरकवून शेजारी जागा केलीत. मी बसले. आपण चहा प्यालो. तुम्ही रिळाबद्दल पुन्हा एक अक्षर काढले नाही.

मी आजवर ज्यांच्याकडून शिकले त्यांतल्या कुणीही माझी चूक पकडून इतक्या हळुवारपणे बाजूला ठेवली नव्हती. त्याबद्दलचे आभार मी मानले नाहीत. मानले असते तर चूक कबूल करावी लागली असती.

आकडा मर्यादेच्या वर होता. अर्ध्या मिलिमीटरने. मी त्याच संध्याकाळी रीळ उचलून पुण्याला गेले असते तर ते यंत्रावर चढले असते. पण १२ जानेवारीला माझी संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत होती. मी ठरवले की दोन-तीन आठवड्यांनी फरक पडणार नाही. मुलाखतीत मी 'हळदीडोह'वरचे कामच मांडले. परीक्षकांना एकेचाळीस मतांची गोष्ट फार आवडली. ते हसले, त्यांनी प्रश्न विचारले, एकाने पेढेवाल्या आजींचे वाक्य टिपून घेतले. मी चांगले बोलले. तुमचा आवाज काढूनही दाखवला. तेव्हा सातवे रीळ तुमच्या खोलीत उघडे पडले होते. कोंडले तेव्हा त्याला आम्लाने खाल्ले आणि उघडले तेव्हा पौषाच्या कोरड्या हवेने आखडायला घेतले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना विचारले की ते डबे उघडून दोन आठवडे तुम्ही त्याच खोलीत झोपलात, त्या वाफांचा काही संबंध असेल का. ते म्हणाले, "वय झालं होतं हो त्यांचं." त्यांनी 'नाही' म्हटले नाही. मीही पुन्हा विचारले नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला प्रश्न कुठे थांबवायचा ते फार चांगले कळते.

आज २७ जानेवारी, तुमचा दहावा. नदीवरचे विधी आटोपून सगळे परतले. भागाबाई पहाटेच्या गाडीने आणि उरलेले अंतर चालत आल्या होत्या. मी ओसरीवर तुमच्या लाकडी चकत्यांमध्ये सातवे रीळ लावून बसले होते. त्या जवळ येऊन बसल्या.

"हीच का ती?"

मी फितीचा सुटा टोकाकडचा भाग उन्हात धरला. एकाखाली एक, नखाएवढ्या चौकटींत ती पाटावर बसलेली होती. तिच्या चेहऱ्यावर भुकटीचे डाग होते. भागाबाईंनी डोळे बारीक करून पुष्कळ वेळ पाहिले.

"भीती वाटते का अजून?" मी विचारले.

"व्हय की." त्या फितीला हात न लावता म्हणाल्या, "आदी वाटायचं, ही परत कशी आली. आता वाटतं, ही जातीय." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू काय केलंस गं, इतकी रडायला?"

आप्पा, मी त्यांना सांगितले. पिशव्या, चिकटपट्टी, पहिले रीळ, दोन जानेवारी, मुलाखत. सगळे, क्रमाने. तुम्हाला जे सोळा दिवसांत सांगता आले नाही ते नाचणी पाखडणाऱ्या एका बाईला दहा मिनिटांत सांगून झाले. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. "ऑपरेटरला ठावं आसनार," त्या उठताना म्हणाल्या. "त्याला भोकातून समदं दिसायचं."

दुपारी प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी पुन्हा सांगितले: ४६७ पर्यंत असेल तर उद्याच आणा. खाली असेल तर ते रीळ आणण्याची तसदी घेऊ नका, उलगडतानाच तुकडे होतील; बाकीची दहा मात्र पाठवा. त्यांचा अर्ज समोर आहे. त्यात 'रिळांचा क्रम' असा रकाना आहे. तीनदा अर्धा टाकलेल्या वादात मी हरले हे तुम्हाला लेखी हवे असेल, म्हणून लिहिते: पाच, सहा, आठ, सात, नऊ. खाली टीप जोडली आहे की हा क्रम जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकांचा आहे आणि चाळीस साक्षी सोबत आहेत. 'प्रत स्थिर आहे' हे वाक्य मी खोडले आणि कारणासकट माझे नाव लिहिले. ती मुलाखत घेणाऱ्यांनाही हेच पत्र जाईल. त्यांनी मग काय ठरवायचे ते ठरवावे.

पण हा क्रम लिहिताना मला दिसले की सातवे चढले नाही तर काय होईल. सहाव्यात तिचे लग्न ठरेल. आठव्यात ती बुडेल. आणि मग थेट नववे. पुढे कितीही वर्षांनी, कुणीही तो चित्रपट लावला तरी ती पाण्यातून वर येणार नाही. पहिल्यांदाच ती हळदीचे गाणे न गाताच मेलेली राहील, आणि ते ना दिग्दर्शकाने केलेले असेल, ना तुम्ही.

ऊन ओसरीवरून सरकायच्या आत मोजायला हवे होते. पट्टी पुसली. पहिले छिद्र शून्यावर धरले. तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकच आले.

रीळ ७. शंभर छिद्रे. दुपारी चार वाजून वीस मिनिटे. ४६६.५.